शाळेतील लस व पालकांची सही

सावकाराच्या ओट्यावर किंवा तलाठ्याच्या कचेरीत कोणी आपल्यापुढे कागद केला तर आपण सर्व सावध होतो. आकडा अक्षरांत लिहिला आहे ना, मधली जागा कोरी सोडली नाही ना, हे दहादा पाहतो, आणि वाचता येत नसेल तर वाचणाऱ्यास बरोबर घेऊन जातो. परंतु तोच मनुष्य मुलाच्या शाळेतून आलेल्या कागदावर दारात उभ्या उभ्या सही करितो, अथवा तितक्याच उभ्या उभ्या तो चुलीत घालितो. जमिनीच्या गुंठ्याविषयी जी दक्षता, ती पोटच्या लेकराच्या शरीराविषयी का नसावी? ह्या गोष्टीविषयी चार शब्द लिहिण्यास आम्हास कारण घडले ते आमच्याच एका चुकीमुळे, म्हणून ती प्रथम सांगणे प्राप्त आहे.

2018 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या 27 तारखेस महाराष्ट्रात गोवर व रुबेला ह्या दोन रोगांवरील लस देण्याची मोठी मोहीम सुरू झाली. हीच मोहीम 2017 च्या फेब्रुवारीत गोवा, कर्नाटक, तामिळनाडू इत्यादी ठिकाणी आरंभिली गेली होती, व साऱ्या देशातील सुमारे 41 कोटी मुलांपर्यंत ती न्यावी असा सरकारचा संकल्प होता. नऊ महिन्यांच्या बालकापासून पंधरा वर्षांच्या आतील मुलापर्यंत सर्वांस, पूर्वी लस घेतलेली असो वा नसो, एक सुई द्यावयाची होती. आणि इतकी मुले एके ठिकाणी सापडण्यास शाळेवाचून दुसरी जागा कोणती? मोहिमेच्या अगोदरच्या रविवारी उपासना आटोपून आम्ही मंदिराच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी पदराखालून घडी केलेला कागद काढून पुढे आली. तिचा मुलगा त्या वेळी चौथीत होता.

“पाळकसाहेब, हे शाळेतनं आलंय. सही करू का नको ते तुम्हीच सांगा. पोराला नवव्या महिन्यात गोवराची सुई दिलेली हाय, कार्डावर लिहिलंय. मग परत कशापायी? आन् शेजारीण म्हणती, ही सुई घेतली की पोरांना पुढं लेकरंबाळं होत नाहीत. तिच्या मोबाइलवर आलंय.”

आम्हास दुसऱ्या गावी उपासनेस जावयाचे होते व उशीर झाला होता. कागद हाती घेतला खरा, पण वाचला नाही. “अहो बाई, सरकार लेकरांच्या वाइटावर आहे काय? करून टाका सही,” असे म्हणून आम्ही मोटारसायकल सुरू केली. तिने सही केली.

लस देण्याच्या दिवशी तो मुलगा भीतीने सकाळी काही न खाता शाळेत गेला. रांगेत अर्धा तास उभा राहून सुई घेतली आणि दोन पावले चालून घेरी येऊन पडला. मास्तरांनी त्यास आडवे निजविले, पाय उंच केले, पाणी पाजले, व पावघटकेत तो उठून बसला. सुईच्या भीतीने पुष्कळ शाळकरी मुलांस असे होते. त्यात लशीचा दोष नसतो. पण शेतात निरोप गेला तो “पोरगं सुई घेऊन पडलं” एवढाच. ती माउली खुरपे हातात तसेच घेऊन धावत शाळेत आली. संध्याकाळी ती आमच्या घरी आली, तेव्हा मुलगा अंगणात आमच्या मुलांशी खेळत होता. ती रागावली नव्हती. ती इतकेच म्हणाली, “तुम्ही सांगितलं म्हणून सही केली, साहेब. त्या कागदात काय लिहिलं होतं ते तुम्हाला तरी ठावं होतं का?”

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचा सल्ला योग्य होता, पण तो आम्ही अज्ञानाने दिला होता, आणि तिच्या विश्वासाच्या जोरावर दिला होता. योग्य गोष्ट अशा रीतीने करविली म्हणजे ती निर्दोष होते काय, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात राहिला. पुढे आम्ही तो कागद मागवून वाचला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे दोन वेळा जाऊन बसलो, व मिळाली ती पुस्तके पाहिली. त्या रविवारी पायरीवर काय सांगावयास पाहिजे होते ते आता सांगतो.

गोवर म्हणजे अंगावर पुरळ येऊन जाणारी बालपणाची एक रीत, अशी आपल्या खेड्यांतून समजूत आहे. कडुलिंबाचा पाला, गोड जेवण व मऊ बोलणे ह्यांनी ती निभावते असे म्हातारी माणसे सांगतात. बहुतेक मुले त्यातून उठतात हे खरे. पण जी उठत नाहीत ती पुरळाने मरत नाहीत, तर मागाहून येणाऱ्या फुप्फुसाच्या सुजेने व अतिसाराने मरतात, म्हणून त्यांचा मृत्यू गोवराच्या खाती लिहिला जात नाही. 2015 साली एकट्या हिंदुस्थानात सुमारे 49 हजार मुले ह्या रोगाने गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. आणखी एक गोष्ट शास्त्रज्ञांस अलीकडे नीट कळली आहे. शरीराने पूर्वी झालेल्या निरनिराळ्या रोगांची जी ओळख जपून ठेविलेली असते, ती गोवर पुष्कळ अंशी पुसून टाकितो. त्यामुळे गोवरातून उठलेले मूल पुढे काही महिनेच नव्हे तर कधी कधी वर्षानुवर्षे इतर रोगांस सहज बळी पडते.

आता त्या बहिणीचा मुख्य प्रश्न: एकदा दिली, मग पुन्हा का? ह्यास दोन उत्तरे आहेत. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस शंभरांपैकी सुमारे पंचाऐंशी मुलांस लागू पडते. राहिलेली पंधरा कोणती हे कार्ड पाहून कोणास सांगता येत नाही. दुसरी सुई दिली म्हणजे शंभरांपैकी सत्त्याण्णव मुले सुरक्षित होतात, आणि ज्यास पहिलीच लागू पडली होती त्यास दुसरीने अपाय होत नाही. दुसरे उत्तर असे की, त्या मुलास 2009 च्या सुमारास मिळालेली लस नुसत्या गोवराची होती. रुबेलाची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात त्या वेळी नव्हतीच. म्हणजे कार्डावरील नोंद खरी असूनही कागदावरील अर्धी लस त्यास नवी होती. इतकी साधी गोष्ट सांगावयास आम्हास दोन मिनिटे पुरली असती.

मूलबाळ न होण्याची अफवा त्या दिवसांत ठिकठिकाणी फिरत होती. रुबेलाची लस जगात 1969 पासून दिली जात आहे. ज्यांना ती लहानपणी दिली गेली ते आता स्वतः आजीआजोबा झाले आहेत, व त्यांच्या नातवंडांनाही ती दिली जाते. ह्याहून अधिक उत्तर त्या अफवेस नको.

परंतु रुबेला म्हणताच एक असा प्रश्न उभा राहतो की ज्याचे उत्तर डॉक्टरांच्या पुस्तकात नाही. नऊ वर्षांच्या मुलास रुबेला झाला तर काय होते? थोडा ताप, थोडे पुरळ, मानेमागे गाठी, आणि चार दिवसांत खेळ पुन्हा सुरू. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने हा रोग जवळजवळ नसल्यासारखाच आहे. मग त्यास सुई कोणासाठी? 1941 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी नॉर्मन ग्रेग नावाच्या नेत्रवैद्यास असे दिसून आले की, जन्मतःच मोतीबिंदू असलेली पुष्कळ अर्भके त्याच्याकडे येत आहेत, आणि त्यांच्या बहुतेकांच्या आयांस गर्भारपणाच्या आरंभी रुबेला झालेला होता. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईस हा रोग झाला तर गर्भ वाया जातो, किंवा मूल आंधळे, बहिरे अथवा हृदयाचे व्यंग घेऊन जन्मते; दहापैकी नऊ गर्भांस ह्याचा उपद्रव पोहोचू शकतो. मोहिमेपूर्वी आपल्या देशात दर वर्षी अशी सुमारे चाळीस हजार बालके जन्मत असावीत असा अंदाज केला जात असे.

म्हणजे मुलाच्या दंडात घातलेल्या रुबेलाच्या सुईचा लाभ जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या कोणाला तरी आहे. तो दुसरा अजून जन्मलाही नाही. त्याची आई कोण तेही ठाऊक नाही. मग फक्त मुलींनाच ही लस का देऊ नये? ब्रिटनने 1970 पासून असेच करून पाहिले. शाळांतून अकरा ते चौदा वर्षांच्या मुलींना लस दिली व मुलांना वगळले. रोग मुलांमध्ये फिरतच राहिला, आणि ज्या थोड्या स्त्रियांस लस मिळाली नव्हती किंवा लागू पडली नव्हती त्यांना तो घरातल्या घरात, कित्येकदा आपल्याच लेकराकडून, जडत राहिला. शेवटी 1988 पासून तेथे मुलगे व मुली दोघांनाही लस देऊ लागले, व 1994 च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून सुमारे ऐंशी लक्ष मुलांना गोवर-रुबेलाची लस दिली. ग्रीस देशाचा अनुभव तर ह्याहून कडू आहे. तेथे निम्म्याहून कमी मुलांना लस दिली गेली. त्यामुळे रोग कमी झाला खरा, पण नाहीसा झाला नाही. पूर्वी बालपणी होऊन जाणारा रुबेला मुलींना तरुणपणी होऊ लागला, व 1993 च्या साथीत त्याचे फळ तान्ह्या मुलांनी भोगले. ह्या कामी अर्धवट पुण्य हे काही वेळा पापाच्या जवळ जाते.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की दुसऱ्याच्या कल्याणासाठी आपल्या मुलाच्या देहाचा उपयोग करण्याचा आपल्यास काय अधिकार? मोठा मनुष्य आपले रक्त देतो ते स्वतःच्या इच्छेने. नऊ वर्षांचे मूल ती इच्छा कशी करणार?

प्रश्न नवा नाही. 1802 सालच्या जून महिन्याच्या 14 तारखेस मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात ह्या रीतीने देवीपासून संरक्षण मिळालेली ती पहिलीच. त्या काळी लस शिशीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडात घालावयाचा, त्याच्याकडून तिसऱ्याच्या, असा तिचा प्रवास चाले. ॲनाच्या फोडातून पुढे मुंबईतील इतर मुलांना लस मिळाली, व त्या मुलांकडून ती पुण्यास, सुरतेस, मद्रासेस गेली. दुसऱ्याच वर्षी स्पेनच्या राजाने अमेरिकेतील आपल्या मुलुखात लस पोहोचविण्यासाठी जहाज धाडिले. त्यावर बावीस अनाथ मुलगे होते. वाटेत एकामागून एक दोघा-दोघांना टोचीत गेले, अशासाठी की जहाज किनाऱ्यास लागेतो कोणाच्या तरी दंडावर ताजा फोड असावा. त्या बावीस मुलांमुळे किती जीव वाचले ह्याची गणती नाही, व राजाने त्यांच्या पालनपोषणाचे वचन दिले होते. तरी ही गोष्ट वाचताना आमचे मन अडखळते. अनाथच का निवडले? कारण त्यांच्या बाजूने नाही म्हणणारे कोणी नव्हते.

आमच्या मते भेद येथेच आहे. दुसऱ्यासाठी मुलाने थोडी कळ सोसणे ह्यात अन्याय नाही. आपण मुलांना रोजच हे शिकवितो. धाकट्यास खाऊतला वाटा दे, म्हाताऱ्या आजीसाठी हंडाभर पाणी आण, असे सांगताना मुलाच्या हक्काचा भंग झाला असे कोणी म्हणत नाही. शिवाय लशीच्या बाबतीत तो केवळ देणाराच असत नाही. त्याच सुईत गोवराची लस असते, तिचा लाभ त्याचा स्वतःचा. तो नऊ महिन्यांचा होईपर्यंत, त्यास लस देण्याचे वय नव्हते तेव्हा, गोवरापासून त्यास कोणी राखिले? आईच्या शरीरातून आलेल्या थोड्या बळाने, आणि आळीतील ज्या मोठ्या मुलांनी लस घेतली होती त्यांनी. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांस तो रोग देऊ शकतो. रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या खोलीतील हवा दूषित राहते. म्हणून शंभरांपैकी पंचाण्णव जण सुरक्षित असतील तरच उरलेल्या पाचांपर्यंत रोग पोहोचत नाही. त्या पाचांत कोण असतात? तान्ही बालके, रक्ताच्या कर्करोगावर औषधोपचार चालू असलेले मूल, आणि ज्यांना लस देऊनही ती लागू पडली नाही असे. गावाने मिळून बांधलेल्या बंधाऱ्यासारखे हे आहे. पाणी सर्वांच्या विहिरींस वाढते. “सगळ्यांनी माती टाकली आहे, माझ्या एका पाटीवाचून काय अडते?” असे म्हणणाऱ्याची विहीरही भरते, पण असे म्हणणारे पाच-दहा झाले की भगदाड पडते, आणि पाणी प्रथम कोणाच्या झोपडीत शिरते हे आपण सर्व जाणतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्तीत, तसेच मालेगाव व भिवंडी येथे गोवराची साथ येऊन बालके दगावली, ती अशाच भगदाडातून.

तेव्हा मुलाने द्यावे हे योग्य. परंतु त्याच्या वतीने देणारा कोण, हा दुसरा व तितकाच मोठा प्रश्न आहे. मूल आईबापांच्या मालकीचे नाही, ते त्यांच्या स्वाधीन केलेली ठेव आहे. ठेवीचा रक्षक ठेवीतून खर्च करू शकतो, पण डोळे मिटून नव्हे. आणि रक्षकास न विचारता तिसऱ्यानेच खर्च केला तर, खर्च कितीही चांगल्या कामी झाला असो, तो अपहारच.

असे एकदा घडले आहे. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्यात व गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून रक्षण करणारी लस एका प्रायोगिक कार्यक्रमात देण्यात आली. खम्मममधील पुष्कळ मुली आदिवासींच्या, आश्रमशाळेत राहणाऱ्या. मागाहून चौकशी झाली तेव्हा दिसून आले की आंध्रातील 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या, व सुमारे दोन हजारांवर नुसते अंगठे होते. लस दिलेल्या मुलींपैकी सात जणी पुढील काळात मरण पावल्या. चौकशी समितीने हे मृत्यू लशीमुळे घडले असे मानले नाही. एक बुडून, एक सर्पदंशाने, कोणी कीटकनाशक पिऊन, कोणी हिवतापाने, अशी ती कारणे होती. तरी 2010 च्या एप्रिलात कार्यक्रम थांबविण्यात आला, व 2013 साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती. जगातील पुष्कळ देशांत ती शाळांतूनच दिली जाते. आपल्या देशात 2020 साली ह्या एका कर्करोगाने सुमारे 77 हजार स्त्रिया गेल्या असा अंदाज आहे, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी तोच विषाणू, ज्यावर ही लस आहे. पुढे 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्यास उत्तेजन देण्याचे सरकारने जाहीर केले, त्यास 2010 पासून चौदा वर्षे लोटली होती. मधल्या काळात ज्या मुली मोठ्या झाल्या त्यांचे जे नुकसान व्हावयाचे ते झाले. त्यास कारण अनेक असतील, पण त्या 2,763 सह्या त्यांपैकी एक आहेत असे आम्हास वाटते.

त्या अधीक्षकांविषयी वाचताना आम्हास प्रथम राग आला, व नंतर मंदिराची पायरी आठवली. त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली. आम्ही ती दुसरीच्या हाताने करविली. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. दोघांनीही असेच मानले की गरीब बाईस समजावीत बसण्यापेक्षा तिचे भले आपणच परस्पर करून टाकावे. सुशिक्षितांस, आणि त्यांत पाळक, मास्तर व डॉक्टर ह्यांस, जडणारा हा एक रोग आहे. त्यावर अद्याप लस निघालेली नाही. 2019 च्या जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तेथील शाळांतील गोवर-रुबेला मोहीम थांबविली व पालकांची स्पष्ट संमती घेतल्यावाचून मुलांना लस देऊ नये असे सांगितले, तेव्हा पुष्कळांस ते लोकहिताच्या आड येणे वाटले. आम्हास तसे वाटले नाही. विचारण्यास वेळ लागतो. पण न विचारल्यामुळे गेलेला विश्वास परत आणण्यास त्याच्या दसपट लागतो.

समोआ नावाच्या, सुमारे दोन लक्ष वस्तीच्या देशात हे फार दारुण रीतीने दिसून आले. 2018 च्या जुलैत तेथे गोवराची लस दिल्यावर दोन तान्ही मुले काही मिनिटांत मरण पावली. लशीच्या भुकटीत मिसळण्यास शुद्ध पाणी घ्यावयाचे, त्याऐवजी परिचारिकांनी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले होते. दोष हातांचा होता, लशीचा नव्हता. परंतु सरकारने कित्येक महिने हे लसीकरणच बंद ठेविले, व लोकांची भीती नंतरही गेली नाही. पुढच्या वर्षाअखेर गोवराची साथ आली आणि 83 माणसे मेली, त्यांत बहुतेक पाच वर्षांच्या आतील मुले. दोन शवपेटिकांची भीती खरी होती. तिला उत्तर वेळेवर मिळाले नाही, म्हणून तिच्या मागे एवढ्या पेटिका गेल्या. “चूक कधी होतच नाही” असे लोकांस सांगणारा अधिकारी आणि “सगळे विषच आहे” असे सांगणारा मोबाइल, हे दोघे मिळून एकच काम करितात.

तेव्हा पालकांनी विचारावे, व संकोच न करिता विचारावे. कोणत्या रोगाची लस, पूर्वी दिली असल्यास पुन्हा का, सुई प्रत्येक मुलास नवी आहे ना, गोवराच्या लशीची कुपी केव्हा मिसळली (मिसळल्यावर चार तासांपलीकडे ती वापरू नये असा नियम आहे), व मुलास काही झाले तर जवळ औषध व डॉक्टर आहे ना. हे प्रश्न अपमानाचे नाहीत. चांगल्या परिचारिकेस ते आवडतात. आणि सांगावयाचे तेही लपवू नये. मागच्या लशीने मुलास श्वास लागला होता किंवा अंगभर गांधी उठल्या होत्या, त्याच्यावर कर्करोगाचे किंवा पुष्कळ दिवस चालणारे स्टेरॉइडचे औषध चालू आहे, त्यास भारी ताप आहे, हे शाळेस ठाऊक नसते; आईस असते. साधे नाक वाहणे हे कारण नव्हे. मुलास जेवू घालून पाठवावे. सुई बसवून द्यावी, व त्यानंतर अर्धा तास त्यास तेथेच बसवून ठेवावे, कारण दहा लाखांत एखाद्या मुलास होणारी भयंकर प्रतिक्रिया बहुधा तेवढ्या वेळातच दिसते व तिच्यावर तत्काळ देण्याजोगे इंजेक्शन असते. दंड दुखणे, आठ-दहा दिवसांनी थोडा ताप किंवा फिकट पुरळ येणे, ह्यास घाबरू नये. मुलासही अगोदर सांगावे. दहा वर्षांच्या मुलीस आपल्यास काय व कशासाठी टोचणार आहेत हे पुष्कळ चांगले समजते. आणि रुबेलाची गोष्ट सांगितली तर आपण कोणा न जन्मलेल्या बाळाचे रक्षण करीत आहो ह्याचा तिला अभिमानच वाटतो, असा आमचा घरचा अनुभव आहे.

इतके सर्व ऐकून व समजून कोणी आईबाप नाहीच म्हणाले तर? तर शेजाऱ्याच्या लेकराचा भार त्यांच्यावर राहील हे आम्ही त्यांस स्पष्ट सांगू, पण त्यांच्या मुलाचा दंड आम्ही त्यांच्या पाठीमागे पुढे करणार नाही. आमच्या अनुभवास आलेले बहुतेक “नाही” हे खरे नाही नसतात. कोणी नीट बोलत नाही ह्याची ती तक्रार असते.

गेल्या वर्षी त्याच बहिणीची धाकटी मुलगी पाचवीत गेली. दहाव्या वर्षी द्यावयाच्या घटसर्प व धनुर्वाताच्या लशीचा कागद शाळेतून आला, आणि रविवारी ती पुन्हा पायरीशी उभी राहिली. ह्या वेळी आम्ही तिच्याजवळ पायरीवर बसलो व कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखविला. लहानपणी तिला ह्याच रोगांच्या सुया दिल्या होत्या, मग आता का, असे तिने विचारले. त्यांचे बळ वर्षांनी ओसरते, म्हणून दहाव्या व पुन्हा सोळाव्या वर्षी उजळणी, असे आम्ही सांगितले. मग ती म्हणाली, “हिला मागं पेनिसिलिनची सुई दिली तवा अंगावर गांधी उठल्या होत्या. चालंल का?” पेनिसिलिन निराळे व ही लस निराळी, असे आम्हास वाटत होते, पण वाटणे आणि ठाऊक असणे ह्यांतील अंतर आम्ही एकदा पाहिले होते. “बाई, हे मला सांगता येणार नाही,” असे आम्ही म्हणालो, “उपकेंद्रातल्या नर्सबाईंना विचारू या.” तिने सही केली नाही. कागदाची घडी घालून तो पदराच्या गाठीत बांधला, मुलीस हाक मारली, आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तिघे उपकेंद्राच्या ओट्यावर दार उघडण्याची वाट पाहत बसलो होतो.